असे गिऱ्हाईक आमच्याकडे नाही

पोलीस ठाणे आल्बहाउझन
दि. २८ ऑक्टोबर २०२२

मी रोझविता श्टाइमर, वय ६७ वर्षे, धंदा खाटकाचे दुकान, राहणार चर्चसमोर, दुकानाच्या वरच्या मजल्यावर, मौजे श्टाइनलिंगन. आज रोजी ठाण्यात स्वतः येऊन हवालदार लुट्स यांच्यासमोर सांगते ते असे.

वरील ठिकाणी मी माझा नवरा ओटमार याच्यासोबत राहत होते. हवालदारांनी आधी 'पती' लिहिले होते, मी नवरा लिहायला लावले. मागच्या खोलीत तो सॉसेज करायचा, धुरी द्यायचा, आणि पुढे काउंटरवर मी विकायचे. आम्हाला मूलबाळ नाही. दुकान चालवायला पुढे कोणी नाही म्हणून येत्या वर्षअखेरीस ते कायमचे बंद करायचे आमचे ठरले होते, आणि गावात सगळ्यांना ते माहीत होते.

माझी तक्रार योआखिम त्सोलर या माणसाविरुद्ध आहे. जिल्ह्याच्या गावाला भारी मोटारींचे जे मोठे काचेचे शोरूम आहे, तिथे तो सेल्समन आहे. त्याने मला फोनवर खोटे सांगितले आणि त्या खोट्यापायी माझा नवरा गेला, असे माझे म्हणणे आहे. हवालदार म्हणाले, "काकू, फोनवर खोटं बोलणं हा गुन्हा होत नाही." मी म्हटले, "गुन्हा होतो की नाही ते तू नंतर बघ, आधी लिहून घे." हवालदारांच्या आईला तीस वर्षे मी माझ्या हाताने सॉसेज बांधून दिलेली आहेत. त्यांनी लिहायला घेतले.

आमच्याकडे बुधवारी दुपारनंतर दुकाने बंद असतात. ओटमार त्या वेळी सायकल काढून आमच्या सफरचंदाच्या मळ्यात जायचा आणि अंधार पडायच्या आत परत यायचा. गेली काही वर्षे हा नेम होता. मळ्यात काय एवढे काम असते असे मी कधी विचारले नाही. आठवडाभर तो त्या धुरात उभा असायचा, एक दुपार त्याला मोकळी हवा मिळाली तर माझे काय जात होते?

बुधवार दि. १९ रोजी तो जेवून गेला. मसुराची आमटी होती, त्याने दोनदा घेतली. जाताना "संध्याकाळी पावाचं काय?" असे मी विचारले, त्यावर तो "आणतो की" म्हणाला. एवढेच बोलणे झाले.

अंधार पडला तरी तो आला नाही. मी मळ्यात जाऊन आले. तिथे तो नव्हता, सायकलही नव्हती, आणि शिडी मागच्या आठवड्यात होती तशीच झाडाला टेकून होती. मग मी आमच्या गावच्या अग्निशमनवाल्यांना सांगितले. आमच्याकडे ते काम गावचीच पोरे हौसेने करतात. सगळी आली. तुमच्याकडचे दोघे शिपाईही आले. त्यांनी मला विचारले, "घरात वाहन कुठलं?" मी सांगितले, मालाची व्हॅन दारात उभी आहे, तो सायकलवर आहे. म्हणून सगळ्यांनी सायकलने जाता येईल तेवढाच भाग धुंडाळला. मळा, ओढ्याची घळ, वरचे रान. त्यांचे काही चुकले नाही, हे मी मुद्दाम सांगते. माझ्या सांगण्यावरून ते शोधत होते आणि मला जेवढे माहीत होते तेवढेच मी सांगितले होते.

इथे एक गोष्ट आधी सांगावी लागेल, नाहीतर पुढचे वाचणाऱ्याला आम्ही खुळे वाटू. आमच्या भागात ज्याचे दुकान आहे त्याने पैसा दाखवायचा नसतो. गिऱ्हाइकाने दारात भारी गाडी बघितली की दुसऱ्या दिवशी तो पलीकडच्या गावातून मटण आणतो. आपल्या जिवावर हे चैन करतात, असे बोलले जाते. म्हणून छप्परवाला जुन्या गाडीतून हिंडतो आणि चांगली गाडी मेहुण्याकडे ठेवतो. हे सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. हवालदार म्हणाले, हे लिहायची गरज नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटले, तरी लिही.

मागच्या वसंतात आमच्या औषधवाल्याने लाल रंगाची, दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी आणली आणि दुकानासमोरच लावली. त्या दिवशी काउंटरवर चारपाच बायका होत्या. मी म्हटले, "चला, आपल्या खोकल्याचे पैसे कुठं गेले ते कळलं एकदाचं." सगळे दुकान हसले. ओटमार मागून ट्रे घेऊन येत होता, तोही हसला. मग तो ट्रे ठेवून मागे गेला. त्या वेळी ओटमारची स्वतःची गाडी उंटरहोफ वाडीतल्या एका कोठारात येऊन दोन महिने झाले होते. मला हे आता कळले आहे.

बुधवारी संध्याकाळी माझे स्वयंपाकघर बायकांनी भरले होते. शोधणाऱ्यांसाठी चहा चालला होता, कोणी पाव कापत होते. माझी शेजारीण इर्मगार्ड शॉयफेले कोपराला चिकटून उभी होती, ती अशा वेळी हलत नाही. तिला बघून मला आठवले की उन्हाळ्यात ती एकदा म्हणाली होती, "तुझा ओटमार मी त्या मोटारींच्या शोरूममध्ये बघितला गं, पांढऱ्या सोफ्यावर बसून एवढ्याशा कपातून कॉफी पीत होता, जावयासारखा." तेव्हा मी त्याला विचारले होते. तो म्हणाला, "त्यांच्याकडं पार्टी होती, सॉसेजची ऑर्डर पोचवली." मला ते पटले, कारण अशा ऑर्डरी येत असत.

मला वाटले, आजही छोटी ऑर्डर असेल, सायकलवरच नेली असेल आणि सांगायला विसरला असेल. म्हणून मी शोरूमला फोन लावला. त्यांची बंद व्हायची वेळ झाली होती. फोन त्सोलरनेच उचलला. श्टाइनलिंगनचे श्टाइमर तुमच्याकडे येतात का, असे मी विचारले. तो म्हणाला, "असं कुणी गिऱ्हाईक आमच्याकडं नाही." मी म्हटले, नक्की? तो म्हणाला, "नक्की. हे नावच मी ऐकलेलं नाही." आवाज गोड होता. मी फोन ठेवला आणि मनातून शोरूम काढून टाकले.

ओटमार सापडला गुरुवारी सकाळी. तो उंटरहोफ या वाडीत एका गवताच्या कोठारात होता. मळ्यापासून ते लांब नाही, पण बाजू उलटी आहे, तिकडे कोणी गेलेच नव्हते. कोठार एका म्हाताऱ्या बाईचे आहे, ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहते, आणि भाडेकरू बुधवारी येतो-जातो एवढेच तिला ठाऊक होते. आत एक मोठी चंदेरी मोटार होती, नवी कोरी. त्याची सायकल भिंतीला लावलेली होती. तो गाडीत चालकाच्या जागी होता, दार उघडे होते आणि एक पाय बाहेर, खाली टेकलेला होता. उतरायला निघाला असावा.

त्याला शोधून काढणारा माणूस त्सोलर होता. ठाण्याला फोनही त्यानेच केला. ते तुमच्याकडे नोंदलेले आहे.

शुक्रवारी त्सोलर माझ्याकडे आला. दुकान बंद होते. तो मागच्या दाराने आला, टोपी हातात धरून. पन्नाशीचा असेल, सूट चांगला होता, दाढी केलेली नव्हती. मी त्याला बस म्हटले नाही. तो म्हणाला, "श्टाइमरबाई, बुधवारी फोनवर मीच होतो." मी म्हटले, "आवाज ओळखला मी." तो म्हणाला, "त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं." मी म्हटले, "वचन पाळलंस. शाबास."

त्यावर तो उभ्या उभ्याच रडायला लागला. मला त्याची कीव आली नाही, हे मी आहे तसे सांगते. पण तो गेला असता तर मला पुढचे काहीच कळले नसते, म्हणून मी खुर्ची पुढे केली.

त्याने सांगितले ते असे. ओटमार पहिल्यांदा शोरूमला गेला त्याला तीन वर्षे झाली. बुधवार होता आणि कपड्यांना धुरीचा वास होता. दारातल्या मुलीने नाक मुरडले नाही, कारण आमच्या भागात त्यांना शिकवलेलेच असते की कळकट जाकीट दिसले की पळत पुढे जायचे. ओटमार चंदेरी गाडीत जाऊन बसला आणि काही न विचारता निघून गेला. पुढच्या बुधवारी परत आला. असे पुष्कळ दिवस चालले. येताना कागदात बांधून सॉसेज आणायचा, मागच्या गॅरेजमधली माणसे वाट बघायची. त्सोलर त्याच्या शेजारच्या सीटवर बसायला जायचा तर तो म्हणायचा, "तू मागं बस. ती जागा दुसऱ्याची आहे."

त्याने विचारलेला पहिला प्रश्न सीटबद्दल होता. "शेजारची सीट गरम होते का?" त्सोलर म्हणाला, होते, पाठीपासून खालपर्यंत. ओटमार म्हणाला, "मग झालं. माझी बायको चव्वेचाळीस वर्षं त्या थंड काउंटरपाशी उभी आहे. तिचे पाय मे महिन्यातसुद्धा गार असतात. रात्री मला लावते." हे त्याने एका परक्या माणसाला सांगितले. मला लाज वाटली आणि मग मला ते परत ऐकावेसे वाटले. मी त्सोलरला परत सांगायला लावले.

गाडीची ऑर्डर देताना डिकीवरचा मॉडेलचा आकडा काढून टाकायला त्याने सांगितले, म्हणजे इंजिन केवढे ते मागून दिसत नाही. त्सोलर म्हणाला, यात विशेष काही नाही, आमच्याकडची निम्मी गिऱ्हाइके हेच सांगतात. अशा लोकांसाठी त्यांची पद्धतच ठरलेली आहे. घरी फोन करायचा नाही, नाताळचे कार्ड पाठवायचे नाही, सर्व्हिसची आठवण करायची नाही. रस्त्यात भेटले तर ओळख द्यायची नाही. कोणी चौकशी केली तर असे गिऱ्हाईक आमच्याकडे नाही म्हणायचे. तो म्हणाला, "चौकशी करणाऱ्या बहुतेक शेजारणीच असतात, बाई. नाहीतर मेहुणे."

एरवी तिथे गाडी ताब्यात देताना थाट असतो. गाडीवर रेशमी कापड घालतात, बाईला फुले देतात, दोघांना गाडीपुढे उभे करून फोटो काढतात आणि तो भिंतीवर लावतात. ओटमारने फोटो नको म्हटले. गाडी त्सोलरने स्वतः कोठारात पोचवली, पहाटे, गावे जागी व्हायच्या आत. ओटमारने सफरचंदाच्या रसाची बाटली आणली होती, दोघांनी कोठारात उभे राहून एकाच पेल्यातून तो रस प्यायला. त्सोलर सीटवरचे प्लास्टिक काढायला लागला. ओटमारने चालकाच्या सीटचे काढू दिले. शेजारच्या सीटला हात लावू दिला नाही. म्हणाला, "ते रोझविता काढेल. वर्षअखेरीला दुकानाला कुलूप लागलं की मी ही गाडी भर दिवसा दारात आणणार. तेव्हा कुणी काही बोललं तरी ती त्यांना बघून घेईल, तिच्या तोंडाला कोण लागतंय? पण तोपर्यंत तिला काउंटरवर उभं राहायचंय. तिला कुणी टोमणा मारलेला मला चालणार नाही."

म्हणजे तो मला घाबरून लपवत होता असे नाही. हे लिहून घ्यावे. गावात तसे बोलले जात आहे. इर्मगार्डनेच मला येऊन सांगितले, "काही नाही गं, लोक म्हणतात बायकोच्या धाकानं बिचाऱ्यानं कोठार धरलं." मी तिला दाराबाहेर काढले. तरी रात्री मी तेच मनात घोळवत पडते, कारण औषधवाल्याबद्दल जे बोलले ते मीच बोलले होते आणि तो ट्रे हातात घेऊन ऐकत होता. मयतीला औषधवाला आला तेव्हा गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून चालत आला. मी त्याचा हात सोडला नाही. त्याला का ते कळले नसावे.

बुधवारी कोठारात तो काय करायचा हेही मी त्सोलरला विचारले. त्याला जेवढे माहीत होते त्यावरून ओटमार गाडी फारशी चालवत नसे. कधीमधी वाड्यावस्त्या टाळून पठारावर एक चक्कर मारायचा, बाकी वेळ पुसायचा, बसायचा, रेडिओ लावायचा. कधी डबा तिथेच खायचा आणि सांडू नये म्हणून मांडीवर टॉवेल घ्यायचा. घरी जेवताना त्याने कधी टॉवेल घेतलेला नाही, माझे टेबलक्लॉथ बघा.

सोमवारी मी त्सोलरबरोबर कोठारात गेले. त्याने शेजारचे दार माझ्यासाठी उघडून धरले, त्यांच्या सवयीप्रमाणे. प्लास्टिक जागेवर होते. खाली पायाशी एक लोकरीची चौकड्यांची शाल घडी घालून ठेवलेली होती, नवी, दुकानाची चिठ्ठी अजून तिला होती. मी बसले नाही. दार मी लावून घेतले आणि घरी पायी आले. गाडी तिथेच आहे. मला चालवता येत नाही. कंपनी परत घ्यायला तयार आहे असे त्सोलर म्हणाला, मी त्याला उत्तर दिलेले नाही.

आमच्या गावच्या डॉक्टरांना मी सरळ विचारले. "डॉक्टर, मी संध्याकाळी त्या शोरूमला फोन केला तेव्हा तो जिवंत होता का?" ते म्हणाले, "रोझविता, हे कुणी सांगू शकत नाही." मी म्हटले, "तुम्ही सांगू शकता." मग ते म्हणाले, हृदयाचा झटका दुपारी आला असावा, पण अशा दुखण्यात माणूस लगेच जातोच असे नाही, आणि अंगाच्या उबेवरून त्यांना वाटते की तो रात्रीच्या सुमारास गेला. वेळेत कोणी पोचले असते तर? ते म्हणाले, "असते तर." एवढेच.

म्हणून मी इथे आले आहे. त्या फोनवर त्सोलरने खरे सांगितले असते, नुसते कोठाराचे नाव घेतले असते, तर अग्निशमनाची पोरे लगेच तिथे पोचली असती. तो तिथे पाय बाहेर टाकून बसला होता आणि आम्ही ओढ्यात बॅटऱ्या मारत होतो.

इथपर्यंत लिहून झाल्यावर हवालदार लुट्स यांनी मला काही प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे मी देते ती अशी.

विचारल्यावरून सांगते की, त्सोलर गुरुवारी सकाळी कोठारात आपणहून गेला. कामावर येताना बेकरीत त्याने ऐकले की श्टाइनलिंगनचा खाटीक हरवला आहे. त्याने पाव तिथेच टाकला आणि गाडी वळवली. हे त्याने मला सांगितले आहे आणि मी ते बेकरीत विचारून खात्री केली आहे.

विचारल्यावरून सांगते की, बुधवारी संध्याकाळी त्याला ओटमार हरवल्याचे माहीत नव्हते.

फोनवर मी माझे नाव सांगितले का, असे विचारले असता, मी पाणी मागितले. हवालदारांनी दिले.

मग सांगते की, नाही. नाव सांगितले नाही. इर्मगार्ड शेजारी उभी होती. मी भिंतीकडे तोंड केले होते आणि आवाज खाली ठेवला होता. माझ्या डोक्यात आले की हा खरोखरच तिथे गाडी बघत बसला असेल तर उद्या गावभर होईल. खाटकीण रात्री नवऱ्याला भारी मोटारींच्या शोरूममध्ये शोधतेय. दुकानाचे अजून दोन महिने बाकी होते. कोण बोलतंय असे त्सोलरने विचारले, तेव्हा मी म्हटले, "गावातलीच एक."

नवरा घरी आलेला नाही, त्याला शोधत आहोत, हे त्याला सांगितले का, असे विचारले असता, सांगते की, नाही.

त्सोलर आणखी काही बोलला का, असे विचारले असता, सांगते की, हो. फोन ठेवण्याआधी तो थांबला होता. त्याला काहीतरी वाटले असावे. तो म्हणाला, "काही तातडीचं होतं का, बाई? काही निरोप असला तर सांगा." त्याने चांगले विचारले. एकदा नाही, दोनदा विचारले.

मी म्हटले, "नाही हो. सहज विचारलं."

तक्रार ठेवायची की मागे घ्यायची, असे हवालदारांनी विचारले. ठेवा, असे मी म्हटले. कोणाविरुद्ध, असे त्यांनी विचारले. त्यावर मी त्यांना त्सोलरचे नाव खोडायला सांगितले. ती जागा त्यांनी कोरी ठेवली आहे, मी दुसरे नाव सांगितले ते लिहायला त्यांनी नकार दिला, तक्रार देणारीचेच नाव तिथे लिहिता येत नाही असे ते म्हणाले.

हा जबाब हवालदार लुट्स यांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. मी तो शेवटपर्यंत ऐकला. मी जसे बोलले तसेच लिहिलेले आहे, एकही शब्द जास्त नाही आणि बदलण्यासारखे आता काही नाही.

समक्ष सही: रोझविता श्टाइमर
जबाब लिहून घेणार: हवालदार लुट्स, पोलीस ठाणे आल्बहाउझन